एका माणसाचा संग्रह? : सालारजंग संग्रहालय बीदरच्या बाजूने पाहताना

चिटगुप्प्यात सालारजंग म्युझियम पाहिलं नाही असं घर सापडणं अवघड. शाळेची सहल असो, लग्नाचा बस्ता असो की दवाखान्याची फेरी, हैदराबादेला गेलेला माणूस चारमिनार बघतो आणि वेळ उरला तर सालारजंग बघतो. मन्नाएखेळ्ळीला हायवे पकडायचा, जहीराबाद, संगारेड्डी, पटनचेरू करत इमलीबनला उतरायचं, मुसी ओलांडायची की दारुलशिफा. शुक्रवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी म्युझियम बंद असतं. आमच्या गल्लीतले निम्मे लोक एकदा तरी शुक्रवारी जाऊन परत आलेले आहेत!

मी स्वतः तिथे किती वेळा गेलो याचा हिशेब ठेवलेला नाही. पेशाने मी इंजिनीअर, पंचवीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात गेली. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही, जे काही वाचलं ते नोकरी सांभाळून. त्यामुळे या लेखात कलासमीक्षकाची भाषा सापडणार नाही. पण गेली काही वर्षं म्युझियमबद्दलचं एक वाक्य मला खटकतं आहे. बसमधला शेजारी, सहलीचे गुरुजी, गाइड, कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'हे सगळं एकाच माणसाने जमवलंय.' हे वाक्य कितपत खरं आहे आणि ते डोक्यात ठेवून आत गेलो की आपल्याला काय दिसायचं राहून जातं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

तीन सालारजंग

आधी वंशावळ सरळ करून घेऊ, कारण आपल्याकडे तिन्ही सालारजंग एकच समजले जातात.

पहिले सालारजंग म्हणजे मीर तुराब अली खान. जन्म १८२९चा. १८५३ मध्ये निजामाचे दिवाण झाले आणि १८८३ मध्ये मरेपर्यंत दिवाणच राहिले. हैदराबाद राज्यात जिल्हे, तालुके, पगारी तहसीलदार ही व्यवस्था घातली ती यांनी. त्याआधी महसूल मक्त्याने दिला जाई. दुसरे सालारजंग म्हणजे त्यांचे चिरंजीव मीर लाईक अली खान, तेही काही काळ दिवाण होते. तिसरे मीर युसुफ अली खान. त्यांचा जन्म १३ जून १८८९चा आणि तोही पुण्याचा. जन्मल्यावर महिना होतो न होतो तोच वडील गेले. पुढे वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९१२ मध्ये, सातव्या निजामाने त्यांना दिवाण केलं. १९१४ मध्ये ते पदावरून दूर झाले आणि त्यानंतरची पस्तीस वर्षं त्यांनी वस्तू जमवण्यात घालवली. लग्न केलं नाही. २ मार्च १९४९ रोजी वारले.

म्युझियम त्यांच्या मृत्यूनंतरचं. मांडणीसाठी जेम्स कझिन्स या कलातज्ज्ञांना बोलावलं गेलं आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत, म्हणजे सालारजंगांच्या राहत्या वाड्यात, ते उघडलं. १९६१ मध्ये संसदेने खास कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून घोषित केलं. मुसीच्या काठावरच्या आजच्या इमारतीत ते १९६८ मध्ये आलं.

आता गर्दी ज्या वस्तूसमोर थांबते त्या 'व्हेल्ड रेबेका'कडे वळू. चेहऱ्यावर पातळ ओढणी आणि ओढणीसकट सगळं एकाच संगमरवरातून काढलेलं. शिल्पकार इटलीचे जिओव्हानी मारिया बेन्झोनी. ही मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ मधल्या युरोपच्या दौऱ्यात रोममध्ये घेतली. तिसऱ्या सालारजंगांचा जन्म त्यानंतर तेरा वर्षांनी झाला. म्हणजे म्युझियमची सगळ्यांत प्रसिद्ध वस्तूच मुळी त्या 'एका माणसा'ने घेतलेली नाही! साधी वजाबाकी आहे, पण कुणी करत नाही.

याने तिसऱ्या सालारजंगांचं मोठेपण कमी होत नाही. संग्रहाचा फार मोठा भाग त्यांनीच जमवला, याबद्दल वाद नाही. पण पाया घरातला होता. आजोबांनी आणलेल्या वस्तू, वाड्यातलं जुनं सामान, तलवारी, पोथ्या हे सगळं त्यांना वारशाने मिळालं. रेबेकाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेन्झोनीने या मूर्तीच्या अनेक प्रती केल्या, त्यांतल्या काही आज अमेरिकेतल्या म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे 'जगात एकच' हेही खरं नाही. मूर्ती सुंदर आहे. पण ज्या गर्दीला ती जगात एकमेव वाटते, त्याच गर्दीच्या पाठीमागे जी वस्तू खरोखर याच मातीतली आहे, तिचं दालन बऱ्यापैकी रिकामं असतं. त्या दालनाकडे येतोच आहे, पण त्याआधी पैशाचं बोलायला हवं.

पैसा कुठून आला

माणूस पदावर नाही, व्यापार करत नाही, कारखाना नाही, आणि पस्तीस वर्षं खरेदी करतो. कसं शक्य झालं? जहागिरीमुळे.

निजाम राज्यातली साधारण साठ टक्के जमीन दिवाणी, म्हणजे थेट सरकारच्या वसुलाची होती. उरलेली सर्फेखास (निजामाची खासगी) आणि जहागिरदारांची. सालारजंगांची जहागीर मोठ्या जहागिरींपैकी एक. कोप्पळ आणि यलबुर्गा त्यात होते, कोसगी त्यात होतं आणि अजिंठाही त्यातच होतं. होय, ज्या गावाच्या नावाने लेणी जगभर ओळखली जातात ते अजिंठा गाव सालारजंगांच्या जहागिरीतलं. म्हणजे आज तीन राज्यांत विभागलेल्या, मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्या गावांच्या सारा-वसुलावर दिवाण देवडी चालत होती.

आपलं चिटगुप्पा त्यांचं नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. नाहीतर उद्या कुणीतरी 'चिटगुप्प्याच्या पैशाने म्युझियम झालं' असं भाषणात ठोकून देईल. चिटगुप्पा पायगा तालुक्याचं ठिकाण होतं. पायगा म्हणजे निजामाच्या दिमतीला फौज बाळगण्यासाठी त्या घराण्यांना दिलेला मुलूख. मालक वेगळे, पण रीत तीच. खळ्यावरचं धान्य आणि हातातली रोकड गावातून निघायची आणि हैदराबादेच्या देवड्यांमध्ये पोचायची. गावात काय राहायचं ते जुन्या माणसांना विचारावं.

कोणत्या गावच्या कोणत्या वर्षीच्या वसुलातून कोणतं घड्याळ आलं, असा हिशेब कुणाला मांडता येणार नाही आणि मांडायचाही नाही. जहागिरदारांपैकी बहुतेकांनी तोच पैसा शिकार, मोटारी आणि कोर्टकचेऱ्यांत घालवला, तिसऱ्या सालारजंगांनी तो वस्तूंमध्ये ठेवला. फरक मोठा आहे. पण 'एका माणसाने जमवलं' म्हणताना हा पैसा पुरवणारी हजारो माणसं वाक्यातून गळून पडतात. मार्च १९४९ मध्ये सालारजंग गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबाद राज्यातल्या जहागिरी कायद्याने रद्द झाल्या. संग्रह करणारा आणि संग्रहाचा झरा, दोन्ही सहा महिन्यांच्या आत संपले. संग्रहाच्या इतिहासात ही तारीख १९५१च्या उद्घाटनाइतकीच महत्त्वाची मानायला हवी असं माझं मत आहे.

नाव कुणाचं टिकलं

आता मुख्य मुद्दा.

म्युझियममध्ये दर तासाला एक गंमत चालते. कलकत्त्याच्या 'कुक अँड केल्व्ही' कंपनीचं ते मोठं घड्याळ. तास भरत आला की दारातून छोटा दाढीवाला बाहुला बाहेर येतो आणि टोले देतो. दुपारी बाराला तर बारा टोले ऐकायला शेकडो माणसं माना वर करून बसलेली असतात, कडेवर पोरं घेतलेली. त्याच घड्याळात एक लोहार आहे. तो सेकंदा-सेकंदाला घण मारत राहतो.

एकदा त्या गर्दीत बसलो असताना माझ्या लक्षात आलं की या एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये सगळ्यांत जास्त लोक ज्या कारागिराला काम करताना बघतात, तो हा यंत्रातला लोहार! खऱ्या कारागिरांपैकी कुणाला आपण बघतो?

त्यानंतर मी दालनं फिरताना एकच गोष्ट शोधू लागलो, ती म्हणजे नाव. रेबेकाला बेन्झोनीचं नाव आहे. घड्याळाला कंपनीचं नाव आहे. खंजिरांच्या दालनात नूरजहाँचं, जहांगीरचं नाव आहे, म्हणजे वस्तू ज्याने वापरली त्याचं. हस्तलिखितांमध्ये याकूत अल्-मुस्तअसिमीसारख्या सुलेखनकाराचं नाव सात-साडेसात शतकं टिकून आहे, कारण लेखणीच्या कारागिराला शेवटी आपलं नाव लिहिण्याची परवानगी होती. मग आपण बिदरीसमोर येतो. हुक्क्याची बुडं, पानदानं, आफताबे, सुरया, उगालदानं. काळ्यावर पांढरं, इतकं नेमकं की ओतकामात आयुष्य घालवलेल्या माणसाने टोपी काढावी. आणि नाव नाही. जुन्या बिदरीवर करणाऱ्याचं नाव सहसा नसतंच.

थोडक्यात, संग्रहात नाव तिघांचं टिकतं: युरोपातल्या कलाकाराचं, वापरणाऱ्या राजाचं आणि जमवणाऱ्या नवाबाचं. छिन्नीवाल्याचं टिकत नाही. 'एका माणसाचा संग्रह' हे वाक्य त्याच सवयीचं पुढचं टोक आहे. एक नाव एवढं मोठं केलं की बाकीच्यांची उणीव जाणवतच नाही.

हा दोष एकट्या सालारजंगचा नाही. म्युझियमची मांडणी द्रव्याप्रमाणे आणि देशाप्रमाणे आहे: हस्तिदंत एकीकडे, जेड एकीकडे, बिदरी एकीकडे, पाश्चात्त्य वेगळं, पौर्वात्य वेगळं. जगभरच्या जुन्या म्युझियमची रीत हीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं उदाहरण घ्या. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) नवाबी वस्तूंच्या मागे न लागता अडकित्ते, दिवे, समया, स्वयंपाकघरातली भांडी गोळा केली, तीही गावोगाव फिरून आणि पदरचे पैसे मोडून. सालारजंगांच्या अगदी उलट टोकाचा संग्राहक. तरी तिथेही अडकित्ता कुणी घडवला ते कळत नाही, कारण गोळा करताना ते सांगणारं कुणी उरलेलंच नव्हतं. केळकर स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांच्या संग्रहातले सगळे कारागीरही अज्ञातवासीच!

बिदरी कशी पाहावी

मग बीदरकडून गेलेल्या माणसाने त्या दालनात काय करावं? माझं म्हणणं, नाव मिळत नसेल तर निदान हात ओळखावा. त्यासाठी वस्तू बनते कशी ते माहीत हवं.

बिदरीची मिश्रधातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. सोळाला एक असं प्रमाण सांगितलं जातं. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे भट्टी लहान चालते, घराच्या अंगणातही मावते. मातीच्या साच्यात ओतलेली वस्तू कानशीने गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचं पाणी लावतात. त्याने वस्तू तात्पुरती काळी होते आणि नक्षीची रेघ दिसू लागते. ती रेघ छिन्नीने खोदायची आणि खाचेत चांदी ठोकून बसवायची. तार बसवली तर तारकशी, पत्रा खोल खाचेत बसवला तर तहनिशान, उठावाची असेल तर जरनिशान. मग पुन्हा घासायचं. त्या घासण्यात तात्पुरता काळा रंग निघून जातो.

इथे थांबा. या टप्प्यावर जस्तही पांढरट, चांदीही पांढरी. आठवडे घालवून केलेली नक्षी जवळजवळ दिसेनाशी झालेली असते. आणि मग शेवटची पायरी येते. बीदरच्या किल्ल्यातल्या जुन्या इमारतींच्या आतली, ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर पाण्यात मिसळून वस्तू गरम असताना त्यावर चोळायची. जस्त कायमचं काळं होतं आणि चांदी तशीच राहते. नक्षी एकदम बाहेर येते. माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. मी कारखान्यात माणसं प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात घेऊनही साच्याच्या वाळूबद्दल भांडताना पाहिली आहेत, त्यामुळे जिभेवर ठरवणाऱ्या माणसाबद्दल मला काय वाटतं ते सांगायला नको.

हे माहीत असलं की काचेआडची वस्तू वेगळी दिसते. हुक्क्याच्या बुडाचा आकार पाहा. चेंडूसारखं गोल असेल तर साधारण जुन्या पिढीचं, घंटेसारखं पायाकडे पसरट असेल तर नंतरचं, अठराव्या शतकाच्या बाजूचं. गोल बूड कड्यावर ठेवावं लागतं, घंटेच्या आकाराचं आपल्या पायावर उभं राहतं. म्हणजे हा बदल शोभेपुरता नाही, वापरणाऱ्याची सोय त्यात आहे. मग नक्षी पाहा. काही वस्तूंवर खसखशीचं एकेक झाड सुटं उभं आहे, भोवती काळं मोकळं. काहींवर इंचभर काळं मोकळं ठेवलेलं नाही. माझ्या दृष्टीने पहिली वस्तू अधिक धाडसाची. मोकळ्या काळ्यात ओतकामाची एक जरी चूक राहिली, एक जरी हवेचा बुडबुडा आला, तरी लपवायला जागा नसते. दाट नक्षीत चुका झाकता येतात. समीक्षक याला रुचीतला फरक म्हणतील. मी म्हणेन, तिथे ओतणाऱ्याचा हात दिसतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही लिहून ठेवतो. एक, प्रत्येक बिदरी बीदरची नसते. लखनौ, मुर्शिदाबाद, पूर्णिया इथेही हे काम होत असे. 'बिदरी' म्हटल्याबरोबर 'आपलं' म्हणून टाळ्या वाजवू नयेत. दुसरी, बहमनी सुलतानाच्या काळात इराणहून कारागीर आले आणि ही कला सुरू झाली, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. ती परंपरा म्हणून सांगावी. पण आज हातात असलेल्या जुन्यात जुन्या बिदरी वस्तू अभ्यासक बहमनी काळाच्या बऱ्याच नंतरच्या, साधारण सतराव्या शतकाच्या आसपासच्या मानतात. वस्तू आणि गोष्ट यांच्यात एवढं अंतर असेल तर ते अंतर लपवू नये.

दुसरी बाजू

माझ्या या म्हणण्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला चांगलंच झापलं. त्यांचं म्हणणं असं: 'सालारजंगांनी ही बिदरी जमवली नसती तर ती कुठे गेली असती? लंडनला. नाहीतर सोनाराच्या मुशीत.'

खरं आहे. १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी होती आणि तिथल्या संग्रहांत ती तेव्हापासून जात राहिली. जी इथे राहिली तिची गत काय झाली याला माझं घरच साक्षी आहे.

आमच्या घरी बिदरीचा पानाचा डबा होता. १९७२च्या दुष्काळात मी चार-पाच वर्षांचा, त्यामुळे मला स्वतःला धूसर आठवतो. बाकीचं वडिलांनी सांगितलेलं. हैदराबादकडचा एक फिरता व्यापारी गावात आला. त्याने डबा हातात घेऊन वजन अजमावलं, चांदी किती निघेल याचा अंदाज केला आणि भाव सांगितला. जस्ताला भाव नाही आणि कामालाही नाही. वडिलांनी थोडी कुरकुर केली तर आज्जी म्हणाली, "काय बघूलालास त्याच्याकडं? पान खायला आधी पोटात भाकर पाहिजे की." डबा गेला. जवारी आली. आज्जीने योग्यच केलं.

मी मात्र पुढे कित्येक वर्षं सालारजंगच्या बिदरी दालनात गेलो की नकळत आमचा डबा शोधायचो. इंजिनीअर असूनही हे कळायला मला वेळ लागला: तो संग्रह १९४९ मध्ये गेलेल्या माणसाचा, १९७२ मध्ये विकलेला डबा तिथे असेलच कसा? ज्येष्ठांचं म्हणणं इथेच सिद्ध होतं. जे नवाबाच्या हाती लागलं ते वाचलं. जे आपल्या हाती राहिलं ते वजनावर गेलं.

म्हणून सालारजंगांचे उपकार मी मानतो, मोकळ्या मनाने मानतो. पण व्यापाऱ्याने डबा द्रव्यावरून जोखला आणि म्युझियमही वस्तू द्रव्यावरून मांडतं, हे साम्य मनातून जात नाही. हेतू पूर्ण वेगळे, एक मोडायला निघालेला आणि एक जपायला. तरी दोन्हीकडे 'हे कुणी केलं' हा प्रश्न आलाच नाही. वस्तू वाचवणं हे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं अजून व्हायचं आहे, आणि ते नवाबाने करायचं नव्हतं.

आपल्या वाट्याचं काम

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड एकीकडे, आणि आपण म्हैसूर राज्यात. राजधानी बदलली, कचेरीची भाषा बदलली. सालारजंग म्युझियम हैदराबादेत राहिलं. तेव्हापासून आपण तिथे पाहुण्यासारखे जातो, तिकीट काढून, घड्याळ बघून परत. पण १९६१चा कायदा संसदेचा आहे. म्युझियम ना नवाबाच्या वारसांचं, ना एका राज्याचं. कोप्पळच्या शेतकऱ्याचा, अजिंठ्याच्या विणकराचा आणि बीदरच्या ओतकाऱ्याचा त्यावर सारखाच हक्क आहे. हक्क म्हटला की जबाबदारी आली.

बीदरमध्ये आज बिदरी करणारी माणसं आहेत. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे निदान एका बिदरी कारागिराचं नाव आता सरकारदरबारी कायमचं लिहिलं गेलं. पण एकच नाव मोठं करून थांबलो तर आपणही त्या 'एका माणसा'च्या सवयीतच अडकू. त्या गल्लीत ओतणारे वेगळे, कोरणारे वेगळे, चांदी बसवणारे वेगळे, काळं करणारे वेगळे. त्यांच्याकडून बाप-आजोबांची नावं अजून मिळू शकतात. दहा वर्षांनी मिळतील याची खात्री नाही.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली, पुढच्या सालारजंग भेटीत घड्याळ शेवटी ठेवावं. आधी बिदरी दालनात तासभर बसावं, प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी आणि तिचा आकार, नक्षी, तारकशी की तहनिशान, कुठे दुरुस्ती दिसते का, हे वहीत लिहावं. तासाभरात एका वस्तूला एवढं पाहिलं की बाकीचं म्युझियमही वेगळं दिसू लागतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरी सूचना घरासाठी. चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी भागात ज्यांच्या घरी जुनी बिदरी असेल त्यांनी ती राखेने, चिंचेने किंवा पावडरीने घासू नये, काळं निघून जातं. मऊ कापडाने खोबरेल तेलाचा हात पुरतो. फोटो काढावा, उंची आणि वजन लिहावं, घरात कुणी आणली, कुणाकडून आणली, करणाऱ्याचं नाव कुणाला आठवतं का, तेही लिहावं. मंडळाकडे पाठवावं. वस्तू विकावी की ठेवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पोट आधी, हे आमच्या आज्जीने सांगून ठेवलंच आहे. पण विकण्याआधी नोंद तरी व्हावी.

नोंदवहीची सुरुवात मी केली आहे. नोंद क्रमांक एक: पानाचा डबा, गोल, झाकणावर वेल, आतले कप्पे आठवत नाहीत, १९७२ मध्ये विकला, करणारा अज्ञात. क्रमांक दोनची जागा मोकळी आहे.